वाकळीचं पोट

अख्खी चादर एकटीच्या अंगावर घेऊन झोपायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती रत्नागिरीत, काकूकडे. तोवर मुंबईच्या आमच्या खोलीत आम्ही चार भावंडं एका ओळीत झोपायचो. पांघरुणं दोन आणि माणसं चार, तेव्हा ओढाओढ ठरलेली. धाकट्याच्या लाथा, ताईची कोपरं, कुणाचे तरी गार पाय हे सगळं मी इतकी वर्षं कुरकुरत सोसलं होतं. काकूनं मधल्या खोलीत मला स्वतंत्र अंथरूण घातलं, डांबरगोळ्यांच्या वासाची कोरी सोलापुरी चादर दिली आणि म्हणाली, "घे गो. तुझी एकटीची. कुणी ओढायला नाही." तिनं ते कौतुकानं सांगितलं होतं. मला मात्र त्या चादरीची चारी टोकं माझ्याच ताब्यात आहेत हे काही केल्या सोसेना. मी एक टोक ट्रंकेखाली दाबून ठेवायला लागले, म्हणजे कूस बदलली की पलीकडून कुणीतरी ओढल्यासारखं वाटे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही, हसणारी बहुतेक माणसं गेली.

मला रत्नागिरीला धाडलं ते 'वर्षभरापुरतं'. बाबांची गिरणी बंद होती, ती कधी उघडणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. ताई मोठी, ती आईच्या हाताशी हवी. धाकटे दोघे फारच लहान. उरले मी. आई तेव्हा शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणून करायची. काजं करता करता, मान वर न उचलता ती म्हणाली, "वर्षभर जा. आंब्याच्या दिवसांत मी येते न्यायला." त्यातला 'न्यायला' हा शब्द मी नीट ऐकून ठेवला. ती 'भेटायला' म्हणाली नव्हती, 'न्यायला' म्हणाली होती. एसटीत, नव्या शाळेच्या बाकावर, काकूच्या विहिरीवर पाणी शेंदताना मी तो शब्द मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासून बघायचे, आणि प्रत्येक वेळी तो जागेवर असायचा.

काकूचं घर झाडगावात होतं. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौल, मागे दोन आंबे, एक फणस आणि विहीर. काका कोर्टात कारकून. सकाळी सायकलवर टांग टाकायचे ते संध्याकाळीच उगवायचे. मधला सगळा वेळ ते घर गप्प असायचं. काकू वाईट नव्हती हो, पण ती वस्तूंशी बोलायची तेवढंसुद्धा माणसांशी बोलत नसे. "चल, आता तू उकळ," हे चहाला. "कुठे मेलीस?" हे विळीला. मला ती विचारायची ते फक्त 'वाढू का?' आणि 'पुरे का?'. सकाळी मऊभात आणि वर तुपाची धार, दुपारी कुळथाचं पिठलं किंवा कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, रात्री आमसुलाचं सार. जेवणात कधी कसर नसे. पाण्याच्या तांब्यावर पेला उपडा, त्याचा कान रोज भिंतीकडे. मी एकदा तो कान दाराकडे करून ठेवला, तर दुपारपर्यंत तो निमूटपणे पुन्हा भिंतीकडे गेला होता. त्या घरात माझ्यामुळे काही हलत नव्हतं. पहाटे मुंबईच्या गाड्या स्टँडकडे जायच्या, त्यांचे हॉर्न लांबून ऐकू यायचे. मी डोळे मिटून ऐकत पडायचे. त्यातली कुठली तरी एक गाडी आईला घेऊन येणार होती.

अशा त्या गप्प काकूची एक बाजू मला शनिवारी कळली. शनिवारी शाळा सकाळची. मी घरी आले तर काकू डोक्याला तेल लावून, स्वच्छ पातळ नेसून, हातात सुयांची डबी घेऊन निघण्याच्या बेतात. काका त्या दिवशी कशाला तरी लवकर आले होते, ते ओटीवरूनच ओरडले, "निघाली वाकळ कमिटी! आज कुणाच्या चिंध्यांवर उठलात?" आणि काकू चक्क हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "येत्येस? की बसत्येस भिंतींशी बोलत?" भिंतींशी बोलणं हे तिचं काम होतं, माझं नव्हे, पण मी ते बोलले नाही. चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

आमच्याच आळीत माई राहायच्या. राजापूरकडचं माहेर, रत्नागिरीचं सासर, मुलं पांगलेली, जीभ तिखट. त्यांच्या ओसरीवर दर शनिवारी दुपारी बायका वाकळी शिवायला बसायच्या. त्याला मंडळ म्हणायचे, पण पाटी नाही, वर्गणी नाही, अध्यक्षीण नाही. ज्या घराची पाळी त्या घरातली जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे धुऊन आणायचे, ते एकावर एक अंथरायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि चारी बाजूंनी बसून धावदोरा घालत घालत आत आत सरकायचं. कडेपासून सुरुवात, मध्यावर शेवट. एरवी बायका एकेकट्या घरी शिवतात तशी वाकळ इथे शिवत नसत. गंमत एकत्र बसण्यात होती. मिरजोळ्याहून शेवंतामावशी चालत यायची. नवरा मुंबईत, घरी शेती आणि सासू, आणि हसणं असं की माईंच्या कौलावरचा कावळा उडायचा. एक बर्वेबाई होत्या, शाळेतल्या. त्यांचे टाके पट्टी लावून आखल्यासारखे. शेवंतामावशीचे लांबलांब, घाईचे, घरी गुरं वाट बघतायत असे. काकूचे बारीक आणि इतके घट्ट की कापड आकसायचं. कुठली बाजू कुणाची हे डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांगता यायचं.

मला पहिल्या दिवशी काकूशेजारी बसवलं. मी घातलेली ओळ माईंच्या अंगणातल्या पायवाटेसारखी गेली, कुठे लांब, कुठे आखूड, मधेच वळलेली. मला लाज वाटली. मी दोरा उसवायला लागले तशी माईंनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. "उसवायचं नाही. इथे कुणाचा टाका कुणी उसवायचा नाही, स्वतःचासुद्धा नाही."

"पण वाकडा आलाय."

"येऊ दे की. उद्या वाकळ अंगावर घेतली की कळायला नको, इथे कोण बसलं होतं ते?"

शेवंतामावशी म्हणाली, "हा टाका तुजा नाय, तुज्या काकूच्या चहाचा हाय. कडक झालाय, हात कापतो." सगळ्या हसल्या, काकूही. मी मान खाली घालून पुढचा टाका घातला. तोही वाकडाच आला, पण तो मी ठेवून दिला.

त्या दुपारी मला इतक्या आवडायला लागल्या की आठवड्याचे बाकीचे दिवस मी नुसते ढकलायचे. चहा व्हायचा, तळलेले गरे नाहीतर पोह्यांचं डांगर यायचं, तेलकट बोटं पदराला पुसायची आणि पुन्हा सुई हातात. कुणाच्या सुनेनं काय केलंन, कुणाच्या कलमांना मोहोर आला, कुणाचा नवरा गणपतीला येऊन काय बोलला, सगळं त्या वाकळीवरून इकडून तिकडे जायचं. वाकळ सगळ्यांच्या मांड्यांवर पसरलेली असायची. समोरून शेवंतामावशीनं दोरा ओढताना ती आपल्याकडे खेचली की माझ्या मांडीवरून कापड सरकायचं. मग मी ते माझ्याकडे ओढायचे. मग ती पुन्हा खेचायची. तिला वाटायचं मी खोडी काढतेय. मला तेवढ्यापुरतं घर आठवायचं आणि त्या आठवणीनं, कसं सांगू, आत सलायचं आणि बरंही वाटायचं. दुपार कलली की सुया डबीत जायच्या, बायका आपापल्या वाटेला लागायच्या आणि मी काकूच्या मागून तिच्या गप्प घरी परत यायचे.

वाकळ शेवटी मध्यावर येई, तेव्हा हातभर जागा उघडी राहायची. त्याला माई 'पोट' म्हणायच्या. तिथे मुख्य तुकडा यायचा, त्याखाली घरातल्या बाईनं चिमूटभर तांदूळ घालायचे आणि मग शेवटचे टाके घालून पोट मिटायचं. वाकळ उपाशी मिटायची नाही, ही त्यांची रीत. उपाशी मिटली तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही म्हणे. आणि आणखी एक होतं. पोटात ज्याचं कापड गेलं आणि तांदूळ पडले, ते माणूस त्या घरचं. नव्या सुनेच्या पहिल्या साडीचा तुकडा तिथे जायचा, बाळाचं अंगडं जायचं. माई हे अगदी सरकारी नियम सांगावा तसं सांगायच्या. मी तेव्हा मुंबईची शहाणी, मनातून हसायचे. पण तांदूळ घालताना सगळ्या बायका क्षणभर गप्प व्हायच्या ते मला आवडायचं.

थंडीच्या सुरुवातीला काकूची पाळी आली. काकांची धोतरं, काकूची दोन पातळं, सासूबाईंचं जपून ठेवलेलं इरकली लुगडं, सगळं ओसरीवर अंथरलं गेलं. माईंनी विचारलं, "पोटात काय? पोरीचं काहीतरी घे."

काकू कापडावरची सुरकुती काढत राहिली. "नको. ती पाहुणी आहे. आंब्यांत जायची. तिचं कापड कशाला अडकवून ठेवायचं?"

ते बरोबरच होतं. मलाही तेच हवं होतं, मी आंब्यांत जाणारच होते. तरीसुद्धा ते ऐकून मला कुणीतरी ओसरीवरून खाली उतरवल्यासारखं झालं. आज काकूच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे येऊन मला वाटतं, ती मला दूर ठेवत नव्हती, स्वतःला सांभाळत होती. सवय लागली की जाणाऱ्या माणसाचं जड होतं. पण तेराव्या वर्षी हे कुठून कळायला?

माईच म्हणाल्या, "पाहुणी तर पाहुणी. थंडीत त्याखाली निजणार ना? मग तिच्या आईकडून तिच्या लुगड्याचा तुकडा तरी मागवून घे." काकू पुन्हा सुरकुती काढायला लागली. मी मात्र त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. आईची एक कुंकवाच्या रंगाची साडी होती, पदराशी विरलेली. सणाला नेसायची ती. तिचा वीतभर तुकडा पाठव, इथे वाकळीच्या मध्यावर लावणार आहेत, असं मी लिहिलं. आईचा तुकडा आला की तो नेमका कुठल्या टोकाला गालाखाली घ्यायचा हेही मी ठरवून ठेवलं होतं.

आईचं माहेर राजापूर तालुक्यात, नाट्याजवळ. तिकडचा एक गाववाला मुंबईहून घरी चालला होता, तो वाटेत रत्नागिरीत उतरून पुडकं देऊन गेला. मी दारातच घेतलं. एका तुकड्याच्या मानानं ते फारच मोठं होतं. "आई म्हणाली, वाकळीला होईल," एवढं सांगून तो पाणी पिऊन गेला. मी सुतळी सोडली. आत आईची साडी नव्हती. आत माझे फ्रॉक होते. बालवाडीतला पिवळा, ताईचा लहान करून माझ्यासाठी केलेला लाल ठिपक्यांचा, जुन्या शाळेचा निळा गणवेश, दिवाळीचा जरीकाठी परकर, लहानपणची झबलीसुद्धा. धुतलेले, घड्या घातलेले, सगळेच्या सगळे. रिबिनी होत्या. आमच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत उजवा कोपरा माझा होता. तो आता मोकळा झाला होता. हे सगळं तिथून उचललं तेव्हा त्या कोपऱ्यात धाकट्यांचे कपडे ठेवले असतील, हे मला पेटीत डोकावल्यासारखं स्वच्छ दिसलं.

काकू आतून आली. तिनं ते सगळं बघितलं, खाली बसली आणि एकेक फ्रॉक उलगडून परत घडी घातली. तिच्या घड्या आईच्या घड्यांपेक्षा लहान होत्या. मग उठून आत गेली आणि अवेळीच घावणे घातलेन. नारळाचं दूध, गूळ, सगळं. "खा," म्हणाली. 'पुरे का?' हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही, मी थांबेपर्यंत वाढत राहिली. मी खाल्लं. रडूही आलं आणि भूकही होती.

शनिवारी पुडकं माईंकडे गेलं. शेवंतामावशीनं झबलं उचललं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आगो बाय, सगळंच धाडलंन की! मग तिकडं काय ठेवलंन?"

बर्वेबाईंनी उगाचच सुईत दोरा ओवायला घेतला, तो आधीच ओवलेला होता. माई म्हणाल्या, "शेवंते, तोंड मीट आणि कात्री दे इकडे." पण कात्री काकूनं आपल्याकडे घेतलेन. फ्रॉकांचे घेर कापून तिनं चौकोन केले. पिवळा, लाल ठिपक्यांचा, निळा, जरीकाठ. ते वाकळीच्या मध्यावर मांडून कच्च्या दोऱ्यानं नुसते टाचले. मग आम्ही चारी बाजूंनी शिवत आलो. आतापर्यंत मला येत असलेलं सगळं मी त्या वाकळीत ओतलं. माझी ओळ आता सरळ जायची, आणि शेवंतामावशी मुद्दाम जास्त हसवायची, बहुधा त्या दिवशीचं बोलणं तिला सलत होतं. चार शनिवारांची मजा ती, पण माझ्या आत एक कोपरा रिकामा करून ठेवल्यासारखा वाजत राहिला. पोटाशी आल्यावर काकूनं हात आडवा धरला.

"थांबा इथे."

"का गो? तांदूळ आणलेस ना?" माईंनी विचारलं.

"आणलेत. पण पोट आत्ता नाही मिटायचं. आंब्यांत सुधा येत्ये. पोरीला नेणार असली तर टाचलेले चौकोन काढून तिच्या हवाली करीन. नेणार नसली तर मग मिटू." सुधा म्हणजे माझी आई. काकू हे माझ्याकडे न बघता बोलली, पण मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. माईंनी मान डोलावली. वाकळ तशीच उघड्या पोटानं घरी आली आणि मधल्या खोलीतल्या दांडीवर जाऊन बसली. त्या थंडीत मी सोलापुरी चादरच पांघरली. झोपताना वर बघितलं की माझे चौकोन दिसायचे, वाऱ्यानं एक कड उचलली जायची. मला ती उघडी जागा बघून बरं वाटायचं. काही ठरलेलं नव्हतं तोवर सगळं शक्य होतं.

आई आंब्यांतच आली, शब्दाला जागली. आतल्या खोलीत अढी घातलेली होती, घरभर पेंढ्याचा आणि हापूसचा वास. ती बारीक झाली होती. मी तिच्याआधीच माझी पिशवी भरून दाराआड ठेवली होती. ती तिनं पाहिली असणार, दाराआडच तिनं आपली पिशवी टेकवली. रात्री जेवताना काकांनी गिरणीचं विचारलं, आईनं 'अजून नाही' म्हटलं. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काकू सुयांची डबी घेऊन निघाली. मी मागे उठले तर म्हणाली, "तू थांब. आईबरोबर बस."

आईनं माझ्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली. मग तिची नजर दांडीवर गेली. तिनं वाकळ खाली काढली, मांडीवर पसरली आणि माझ्या चौकोनांवरून हात फिरवला. "हा घालून तू पडली होतीस ना जिन्यात? दात हलला होता." मी हो म्हटलं. "हा ताईचा. तिला तू घालायला देत नव्हतीस परत." मी पुन्हा हो म्हटलं. मी वाट बघत होते. आता ती म्हणेल, हे काढून घे, पिशवीत टाक. ती म्हणाली, "सुई आहे का गो?"

मी काकूची शिलकीतली सुई आणून दिली. आईनं दोरा ओवला, गाठ मारली. मग सुई कापडात टोचून ठेवून स्वयंपाकघरात गेली. "पाणी पिऊन येते." आत डब्याचं झाकण वाजलं. ती परत येऊन बसली, दोन टाके घातले आणि पुन्हा उठली. पुन्हा झाकण वाजलं. पुन्हा तशीच आली, पदराला हात पुशीत. मग मात्र ती उठली नाही. काजं करणारा हात तो, टाके मुंगीएवढे. मी समोर उभी होते. 'नको' हा एवढासा शब्द, पण तो म्हटला असता तर का नको हेही सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकून ती काय म्हणेल याची मला भीती वाटली. पिवळा शिवून झाला, निळा झाला, जरीकाठाशी ती पोचली, आणि पोट मिटलं. तिनं दोरा दातानं तोडला. "इथली शाळा चांगली आहे," ती म्हणाली. "वहिनी जीव लावतात." मी म्हटलं, "हो."

काकू आली ती थेट मधल्या खोलीत. आई मागे विहिरीवर होती. काकूनं वाकळ बघितली, मध्यावर बोट फिरवलं, टाके ओळखले. हळूच विचारलं, "तांदूळ घातलेन?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं वाकळ पुन्हा दांडीवर टाकली. मग म्हणाली, "तिला कुठली ठाऊक आपल्या मंडळाची रीत! उघडं दिसलं, मिटलंन." मी ते वाक्य घट्ट धरलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या वाक्यावर काढली. आईला ठाऊक नव्हतं. तिनं मला दिलं नाही, तिनं नुसतं शिवणकाम केलं.

सकाळी काकांनी आंब्यांची करंडी गाडीच्या टपावर चढवली. आईनं खिडकीतून माझ्या गालाला हात लावला, त्याला तेलाचा वास होता. गाडी गेली. काका बाजाराकडे वळले, आम्ही दोघी चालत घरी आलो. काकूनं चप्पल काढली, पाय धुतले आणि मुठीत तांदूळ घेऊन वाकळीशी बसली. मला वाटलं, आता उसवणार. पण कुणाचा टाका उसवायचा नाही, ही रीत तिनं मोडली नाही. दाभणाच्या बोथट टोकानं आईच्या दोन टाक्यांमधली फट किंचित रुंद केलेन आणि मला म्हणाली, "घाल. एकेक." ते टाके इतके बारीक होते की दाणा आडवा जाईना, उभा धरून ढकलावा लागे. मी घालत होते, ती फट धरून बसली होती. मी रडत होते, आणि तिनं मला गप्प बस म्हटलं नाही. चिमूट संपल्यावर तिनं वरून थोपटलं. "ती चादर धुवायला टाक. आजपासून मी इथेच निजत्ये. वाकळ मोठी आहे, दोघींना होईल."

काकू झोपेत वाकळ ओढायची. भयंकर ओढायची. मी तोंड भिंतीकडे करून पडायचे, पहाटेच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायचे, आणि पाठीमागून पांघरूण सरकलं की आपल्याकडे ओढून घ्यायचे. एकटेपण गेलं असं नाही म्हणणार. ते माझ्याबरोबर वाढलं. पण त्याला पांघरूण मिळालं.

मी रत्नागिरीतच राहिले. शिकले, शाळेत लागले, ते घर माझंच झालं. माई गेल्या, शेवंतामावशी गेली, मग काका, मग काकू. तांब्यावरच्या पेल्याचा कान मी अजून भिंतीकडेच ठेवते. भावांच्या जागा लहान, म्हणून म्हातारपणी आई माझ्याकडे आली. एका थंडीत दुपारी ती कुडकुडत होती. मी पेटीतली वाकळ काढून तिच्या अंगावर घातली. ती आता विरली आहे, धोतरं दिसतात. आईनं डोळे मिटले होते. तिचा हात सरकत सरकत मध्यावर गेला, माझ्या चौकोनांवर, स्वतःच्या टाक्यांवर, आणि तिथेच थांबला. बोटांनी ती काहीतरी चाचपत होती.

"तांदूळ घातलेन ना गो वहिनींनी नंतर?"

मी वाकळ पायाशी खोचत होते, तशीच राहिले. "तुला ठाऊक होतं?"

"आमच्याकडचीच रीत ती. माझ्या आयशीनं शिकवलेन." डोळे मिटलेलेच. "म्हणून तर तुझे फ्रॉक धाडले. माझी साडी काय कामाची त्यात?"

"मग तू का नाही घातलेस?"

तिचं बोट जरीकाठाशी जाऊन टेकलं. मग म्हणाली, "दोनदा मूठ भरली. दोनदा डब्यात परत टाकली. शिवायला शिवलं गो, पण तांदूळ माझ्याच्यानं घालवेनात."

तिला थंडी वाजत होती. तिनं वाकळ आपल्याकडे ओढून घेतली. पायाकडचं टोक माझ्या हातात होतं, ते मी सोडलं नाही. ती पलीकडून ओढत राहिली.